झुंबरबाईचं कोपर

असोद्यात आज जी माणसं मोटारसायकलवर बसून, मिशा पिळत जळगावला जातात, त्यांतली निम्मी तरी एके काळी झुंबरबाईच्या नडग्यांवर पालथी पडून बोंबललेली आहेत. हे ती कोणालाही विसरू देत नाही. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, तर चार माणसांसमोर म्हणाली, "काय रे, तू माह्या अंगावर दोनदा मुतला व्हता. आता तिसऱ्यांदा काय मागाले आला?" उमेदवार हसला. न हसून करतो काय!

बत्तीस वर्षं झुंबरबाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. गावात तर घालतेच, पण जळगावात मेहरूणपर्यंत तिला बोलावणी असतात. सकाळी आठच्या बसनं जायचं, मोरीत पाटावर बसायचं, लुगड्याचा काचा वर खोचायचा, पाय लांब करून त्यावर तेल माखलेलं लेकरू घ्यायचं आणि वाफाळत्या पाण्याचे तांबे ओतायचे. नाक ओढून सरळ करायचं, टाळू थापून थापून तेल जिरवायचं, कानात फुंकर मारायची, शेवटी ओव्याची धुरी. लेकरू असं काही रडायचं की शेजारच्या गल्लीतली म्हातारी घड्याळ लावून घ्यायची. मग ते तीन-तीन तास मेल्यासारखं झोपायचं, आणि घरची माणसं म्हणायची, हाताला गुण आहे हो झुंबरबाईच्या!

एकाच माणसानं कधी तसं म्हटलं नाही. तिच्या सुनेनं.

सून दिपमाला धुळ्याची, देवपूरची. विज्ञान शिकलेली, गावातल्या आठवी-नववीच्या पोरांना शिकवण्या घेणारी. सासूला आत्याबाई म्हणायची, भाजीत तिखट सासूच्या हिशेबानं टाकायची, कशातच खोट काढून दाखवायला जागा नाही अशी सून. झुंबरबाईला याचाच मोठा त्रास व्हायचा. पाणवठा राहिला नसला तरी चार बायका जमल्या की प्रत्येकीनं सुनेचं काहीतरी सांगायचं असतं, आणि झुंबरबाई आपली नुसती ऐकत बसायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे देवपूरला ठरलेलं. झुंबरबाईनं वरवर मान डोलावली होती, पण आतून तिचा जीव जळत होता. अख्ख्या गावाची लेकरं हिच्या पायांवर न्हायली, आणि अमृतच्या, म्हणजे तिच्या बाहेरगावी नोकरीला असलेल्या एकुलत्या एका पोराच्या, लेकराची पहिली न्हाणी देवपूरच्या कुठल्या तरी बाईच्या पायांवर! पण देव म्हणा की काय म्हणा, दिवस भरायला साडेतीन आठवडे असतानाच दिपमालाला कळा लागल्या, आणि देवपूरऐवजी जळगावच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. सगळे काळजीत, आणि झुंबरबाईही काळजीतच, पण त्या काळजीला आतून साखर लागलेली. घरी येऊन तिनं घंगाळं चिंचेनं घासलं. सुताराकडून पाट रंधून आणला. नातवाला पायांवर घ्यायचं तिनं मनाशी पक्कं केलं.

पाचव्या दिवशी दिपमाला बाळाला घेऊन घरी आली. झुंबरबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि लगेच विचारलं, "मग उद्या किती वाजता पानी ठेवू?"

"उद्या नाही, आत्याबाई," दिपमाला म्हणाली. "बाळाला सध्या आंघोळच नाही. डॉक्टर म्हणाले, वजन कमी आहे, अंगातली ऊब पटकन जाते. नाळ गळून पडू दे, अडीच किलोच्या वर जाऊ दे. तोवर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडानं पुसून घ्यायचं."

"आणि मंग?"

दिपमालानं बाळाचं दुपटं नीट केलं. मग सरळ बघत म्हणाली, "मग मीच घालेन."

ओट्यावर झुंबरबाईचे यजमान, लोटनभाऊ, पेपर वाचत होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला तो धरलाच.

"तू घालशीन? आणि मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"आत्याबाई, राग मानू नका. मला तुमच्या पाण्याची भीती वाटते. मी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही चुलीवरून उकळत्या पाण्याचा गंज सांडशीशिवाय उचलला. तुम्हाला कळलं पण नाही. त्या हातानं तुम्ही पाणी बघता."

याचं उत्तर झुंबरबाईला दोन तासांनी सुचलं, आणि मग ती दोन दिवस ते उत्तर लोटनभाऊंना देत राहिली. सुनेशी बोलायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून बोलायची नवऱ्याशी, पण आवाज असा की तिसऱ्या घरात ऐकू यावा. "बत्तीस वर्स! एकाही लेकराले फोड आला का? सांगा ना, आला का?" लोटनभाऊ म्हणायचे, "नाही आला." "मंग कायची भीती?" "कायचीच नाही." "तुम्ही तिच्या बाजूनं बोलू नका!" लोटनभाऊ उठून शेतात जायचे. त्या आठवड्यात त्यांच्या केळीला मिळालं तेवढं लक्ष कधी मिळालं नसेल.

दिपमाला मात्र रात्री आईला फोनवर सांगायची, "बठ्ठं ठीक शे, माय," म्हणजे सगळं ठीक आहे. झुंबरबाईला त्यातलं अक्षर न अक्षर कळायचं, पण धुळ्याकडची बोली आपल्याला समजत नाही असं तिनं अमृतच्या लग्नापासून दाखवलेलं होतं, त्यामुळे आता विचारायचीही सोय नव्हती.

सातव्या दिवशी नूतन आली. नूतन म्हणजे गावची आशाताई. नव्या बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी फेरी मारायची, झोळीत घालून वजन करायचं, ताप बघायचा, हे तिचं काम. तिनं आधी साबणानं हात धुतले, बाळाला झोळीत घातलं, काटा बघितला, बेंबी बघितली आणि म्हणाली, "छान आहे. दिपमाला करते तसंच चालू द्या. बेंबीला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आंघोळीची घाई नको."

"तू बोलू नको व नूतन," झुंबरबाई कडाडली. "तुहं नाक मी ओढून ओढून सरळ केलं, म्हनून तुहं लगीन झालं."

"मावशी, तरी बसकंच राह्यलं ना!" नूतन आपलं नाक दाबून दाखवत म्हणाली. "नाक ओढून वाढत असतं तर गावात एव्हाना सगळ्यांना सोंडा आल्या असत्या."

दिपमाला हसली. तेवढ्यानं झुंबरबाईचा पारा टोकाला गेला. ती ताडकन उठली. "ठीक आहे. माह्या पान्याले नाव ठेवता ना? लेकरू राहू द्या खाटेवर. आत्ता पानी काढून दाखवते. बठ्ठ्या जनींनी बघा आणि मंग बोला!"

रागाच्या भरात आपण 'बठ्ठ्या' हा सुनेच्या बोलीतला शब्द वापरला हे तिला कळलंही नाही.

तिनं घंगाळ्यात पाणी काढलं. चुलीवरचं ओतलं, गार घातलं, हात फिरवला, पुन्हा थोडं गरम घातलं, पुन्हा हात फिरवला. बत्तीस वर्षांची सवय ती; बघणाऱ्याला वाटावं पेटीच वाजवते आहे. "हं. कोमट. नुसतं दुधासारखं. घाल हात."

"हात नाही, कोपर," दिपमाला म्हणाली, आणि बाही वर करून तिनं कोपर बुडवलं. बुडवलं न बुडवलं तोच बाहेर काढलं. कोपरावर लाल गोल उठला होता.

"शहरातली कातडी," झुंबरबाई म्हणाली.

भिंतीपलीकडून शेजारची प्रमिलाबाई हे सगळं बघतच होती. पापड लाटायचे सोडून ती खास त्यासाठी तिथे उभी होती. तिला बोलावणं गेलं. प्रमिलाबाई कपाशी वेचणारी, मिरच्या कांडणारी, तिच्या कातडीला शहरातली कोण म्हणेल? तिनं ऐटीत कोपर घातलं आणि "आई व माय! मारता का काय!" म्हणत असा झटका दिला की निम्मं पाणी नूतनच्या चपलांवर.

"अहो, या इकडे!" झुंबरबाईनं शेवटचा साक्षीदार बोलावला. तीस-पस्तीस वर्षं संसार केलेला माणूस, तो तरी बाजू सोडणार नाही. लोटनभाऊंनी पेपर खाली ठेवला, आले, कोपर घातलं, काढलं, पुसलं, आणि शांतपणे म्हणाले, "चहापत्ती टाक."

कोणी हसलं नाही. झुंबरबाईचा चेहरा बघून प्रमिलाबाईसुद्धा हसली नाही, आणि ही साधी गोष्ट नाही.

नूतन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुमचे हात किती वर्षं कडक पाण्यात आहेत. तळव्यांना आता कळतच नाही. कोपराचं कातडं तेवढं वापरलेलं नसतं. तुमचं तुम्हीच बघा ना."

झुंबरबाई घंगाळ्यापाशी बसली. मग तिनं चोळीची बाही सरकवली आणि स्वतःचं कोपर पाण्यात घातलं.

ते तिनंही झटक्यानंच काढलं. पदरानं कोपर पुसलं, घंगाळं तिरपं करून सगळं पाणी मोरीत सोडून दिलं, आणि आत जाऊन बसली.

त्या दुपारी ती जेवली नाही. तिला एकेक लेकरू आठवत होतं. न्हाऊन निघालं की बिटासारखं लाल व्हायचं, आणि ती म्हणायची, रक्त खेळलं, रंग उजळतो. रडलं की म्हणायची, छाती मोकळी होते. झोपलं की म्हणायची, न्हाणी लागली. लेकरू बोलत नाही म्हणून बरं, नाहीतर एखादं म्हणालं असतं, म्हातारे, भाजतंय. आणि एक तर अगदी त्याच सकाळचं होतं. मेहरूणला भिकमचंद शेटजींच्या घरी, त्यांची नातसून पलक, तिची वीस दिवसांची मुलगी. पलक मोरीच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली होती, "जरा गरम नाही का होत?" तेव्हा शेटजींच्या बायकोनं, लाडकुंवरबाईनं, आणि झुंबरबाईनं दोघींनी मिळून तिला गप्प केलं होतं. पहिलटकरीण आहेस, तुला काय समजतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आठच्या बसनं ती मेहरूणला गेली. आधी गार पाणी घंगाळ्यात घेतलं, मग वरून गरम. कोपर बुडवलं. पुन्हा गार घातलं. मग पलकला म्हणाली, "ये बाई, तू पन बघ. तुह्या लेकराचं पानी आहे."

लाडकुंवरबाई पाटावर बसून माळ ओढत होत्या, त्यांची माळ थांबली. "झुंबरबाई, वाफ कुठे आहे? पोरीला सर्दी देतेस काय?"

"अक्का, कालपरेंत मी जास्त गरम देत व्हती. माझं चुकलं. माझ्या हाताले समजत नव्हतं."

"दोन पिढ्या या घरात तू न्हाऊ घातल्यास. या पोरीच्या बापाला, अखिलला, तूच घातलंस. तेव्हा समजत होतं, आणि आज नाही समजत?"

"तेव्हा पन समजत नसंल. तो बिचारा सांगनार कसा?"

"हे बघ, आमच्याकडे कडक पाण्याचीच रीत आहे. करायचं तर नीट कर."

झुंबरबाईनं बाळाला कोपरानं बघितलेल्या पाण्यानं न्हाऊ घातलं, नाकाला हात न लावता, धुरी न देता, कोरडं करून, टोपडं घालून पलकच्या छातीशी दिलं. मग हात धुऊन लाडकुंवरबाईंसमोर उभी राहिली. "अक्का, मी आता असंच करनार. कडक पान्यानं कोनाचंच लेकरू न्हाऊ घालनार नाही. तुम्हाले पटत नसंल तर दुसरी बाई बघा."

"बघतेच," लाडकुंवरबाई म्हणाल्या.

जाता जाता झुंबरबाई पलकच्या कानाशी लागली. "कोनीही येऊ दे. गार अगोदर, गरम मागून, आणि कोपर तुहं. हे सोडू नको." पलकनं मान हलवली.

ती बसमधून असोद्याला उतरायच्या आत गावात बातमी उतरली होती. झुंबरबाईला मेहरूणच्या शेटजींनी काढलं! प्रत्येक दारात थोडी मीठमिरची लागत गेली; शेवटच्या घरापर्यंत पोचली तेव्हा तिनं शेटजींचं घंगाळं फोडलेलं होतं. झुंबरबाई मान ताठ ठेवून सगळ्या गल्लीतून चालत आली. घरी येऊन थेट दिपमालासमोर बसली.

"बोल. मी नातवाले न्हाऊ घालनार, हे मी सोडनार नाही. तुले काय काय पाहिजे ते सांग. बठ्ठं करते."

दिपमाला बाळाला ओढणीत, छातीशी उघडं धरून बसली होती. ऊब राहावी म्हणून दवाखान्यातच तसं शिकवलेलं. ती म्हणाली, "बत्तीस वर्षांची सवय आहे, आत्याबाई. पाणी समजलं, पण हात आपोआप नाकाकडे जाईल, टाळूकडे जाईल."

"मंग परीक्षा घे! शिकवन्या घेतेस ना गावभराच्या पोरांच्या?"

अशी त्या घरात सासूची परीक्षा ठरली. पण नाळ गळेपर्यंत आणि वजन वाढेपर्यंत करायची कोणावर? लोटनभाऊंनी या सगळ्या प्रकरणात एकच सूचना केली. बांधावरून ते एक डांगर तोडून घेऊन आले. डांगर म्हणजे गोल लाल भोपळा, वजन दोन किलो आणि वर थोडं. नातवापेक्षा जरा जास्तच बाळसेदार. दिपमालानं त्याला खोबरेल माखलं, का तर ओलं, तेलकट लेकरू कसं निसटतं ते कळावं.

मग रोज अकरा वाजता झुंबरबाई बांगड्या काढून, नखं कापून, कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन डांगराला न्हाऊ घालायला बसायची, आणि दिपमाला मोबाइलवर वेळ लावून समोर. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली. "एवढ्यात बाळ गारठलं असतं," दिपमाला म्हणाली. दुसऱ्या दिवशी उजवा हात आपोआप डांगराच्या देठाकडे गेला आणि चिमटीत धरून ओढायला लागला.

"आत्याबाई, नाक."

"हे नाक नाही, देठ आहे."

"तुम्ही नाक म्हणूनच ओढताय."

तिसऱ्या दिवशी तिनं डांगराच्या कानात फुंकर मारली. आता डांगराला कान कुठे असतो हे तिचं तिलाच ठाऊक, पण मारली खरी. भिंतीपलीकडून प्रमिलाबाईनं हे बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की झुंबरबाईच्या डोक्यावर परिणाम झाला, ती भाजीला न्हाऊ घालते आणि वर तिच्या कानात मंत्र म्हणते. पिठाच्या गिरणीत एकीनं विचारलं, "काय झुंबरमावशी, डांगराचं बारसं कधी?" झुंबरबाईनं पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "तुले मुलगी झाली ना मागच्या साली? तिच्या न्हाणीत मी चूक केली. दुसरं झालं की मले बोलाव, नीट घालीन." विचारणारी आपल्या डब्याचं झाकण लावायला लागली. अशा वेळी टोमणा परत मारायचा असतो. हिनं आपली चूकच समोर ठेवली. याच्यावर बोलायचं काय?

मेहरूणचं घर गेलं होतं, गावातल्याही दोन घरांनी "बघू, सांगू" केलं होतं. झुंबरबाईनं त्याची खंत केली नसेल असं नाही, पण तोंडातून काढली नाही. अंग पुसण्यात मात्र तिनं दोन दिवसांत सुनेला मागे टाकलं. मानेच्या घडीत दूध झिरपून आंबतं, बगलेत, जांघेत, कानामागे मळ धरतो; मऊ, पिळलेल्या कापडाचं टोक बोटावर घेऊन ती प्रत्येक घडी अशी टिपायची की बाळाची झोपही मोडायची नाही. एका वेळी एकच हात, एकच पाय उघडा, बाकी सगळं झाकलेलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

एकदाच तिचा तोल जाणार होता. नवव्या दिवशी दुपारी दिपमालाचा डोळा लागला होता. नाळेचं वाळकं देठ अजून लोंबतच होतं, आणि झुंबरबाईला ते बघवेना. तिच्या हातून इतक्या वर्षांत कुठलीच नाळ हळद-तेलाशिवाय राहिली नव्हती. ती उठली, वाटीत तेल घेतलं, हळद कालवली, खाटेपाशी आली. बाळ झोपेत ओठ हलवत होतं. तिनं बोट वाटीत घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. मग वाटी घेऊन तशीच चुलीपाशी गेली आणि सगळं तेल संध्याकाळच्या वरणाच्या फोडणीत रिकामं केलं. रात्री लोटनभाऊ म्हणाले, "आज वरनावर तवंग लय आहे." झुंबरबाई म्हणाली, "जेवा मुकाट्यानं."

अकराव्या दिवशी नाळ आपोआप गळाली. कोरडी, स्वच्छ. झुंबरबाईनं दिपमालाला उठवून ती दाखवली, जशी काही तिनंच गाळली.

एकविसाव्या दिवशी नूतन आली. झोळीत बाळ, काटा दोन किलो चारशेवर.

"शंभर ग्रॅम कमी," नूतन म्हणाली.

"झोळी जरा खाली ओढ ना व. कोन बघतं?"

"मावशी!"

"बरं, बरं. गंमत केली." पण गंमत नव्हती, हे तिघींनाही माहीत होतं. झुंबरबाईनं पाट पुन्हा भिंतीला टेकवला, आणि दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा डांगर घेऊन बसली. ते आता बिचारं मऊ पडायला लागलं होतं. त्या आठवड्यात तिनं सात दिवस ओळीनं पाच मिनिटांच्या आत न्हाणं उरकलं, आणि एकदाही हात देठाकडे गेला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी काटा दोन किलो सहाशेवर थांबला. नूतननं वहीत लिहिलं, ताप बघितला, आणि दिपमालाकडे बघितलं. दिपमालानं सासूकडे बघितलं. "पाणी ठेवा, आत्याबाई."

उन्हं दारात आली होती. खिडकी लावली, पंखा बंद केला, लोटनभाऊंना बाहेर काढलं. मऊ पंचा, झबलं, टोपडं, कोरडं दुपटं आधीच हाताशी मांडून ठेवलं, म्हणजे लेकरू सोडून कशासाठी उठायला नको. घंगाळ्यात आधी गार पाणी, मग गरम. झुंबरबाईनं कोपर बुडवलं. थांबली. थोडं गार घातलं. पुन्हा बुडवलं. मग सुनेला म्हणाली, "आता तू."

दिपमालानं कोपर घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "बरोबर आहे."

मग झुंबरबाईनं पाय लांब केले आणि नातू नडग्यांवर घेतला. डावा हात मानेखाली, अंगठा एका खांद्यावर, बोटं दुसऱ्या बगलेत. उजव्या हातानं अंगावर पाणी, तेही तांब्यानं नाही, ओंजळीनं. बाळानं दचकून मुठी वळल्या, तोंड वेडंवाकडं केलं. आता रडणार म्हणून दिपमाला पुढे सरकली. झुंबरबाईनं त्याचे दोन्ही हात छातीवर जुळवून आपल्या तळव्याखाली धरले, आणि बाळ शांत झालं. घड्या धुतल्या. पाठ धुतली. नाकापाशी हात आला आणि तिथून पुढे गेला.

शेवटचं डोक्यावर पाणी घ्यायचं राहिलं होतं, आणि पाणी निवायला लागलं. झुंबरबाईला ते कळलं, कोपरालाच कळलं. इतकी वर्षं या क्षणाला तिच्या तोंडून एकच शब्द निघत आला होता: गरम! आणि प्रमिलाबाई, जी मदतीला म्हणून आली होती आणि बघायला म्हणून थांबली होती, वाफाळता गंज दोन्ही हातांत धरून पुढे सरकली. "ओतू का घंगाळ्यात?"

"थांब तिथेच!" झुंबरबाईचा आवाज असा आला की प्रमिलाबाई जागच्या जागी उभी राहिली. "लेकरू पायावर असताना गरम पान्याचा गंज मोरीत आनायचा नाही. तुहा पाय घसरला तर? ठेव तो चुलीपाशी. न्हाणी झाली."

"अन् डोकं?"

"डोकं ओल्या कापडानं पुसते. नाही धुतलं एक दिवस तर काही होत नाही."

तिनं बाळाला उचलून पंच्यात घेतलं, आधी डोकं कोरडं केलं, मग कान, मान, बगला, जांघा. टोपडं, झबलं, दुपटं, आणि दिपमालाच्या छातीशी. दिपमालानं मोबाइल बघितला. चार मिनिटं.

"झालं?" प्रमिलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात फसवणूक झाल्याचं दुःख होतं. बाहेर ओट्यावर दोघी-तिघी जमल्या होत्या, त्यांना सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.

नूतन आणि प्रमिलाबाई गेल्यावर दिपमाला तशीच बसून राहिली. बाळ दूध पीत होतं, त्याचे गाल नेहमीच्याच रंगाचे होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत्याबाई, मानेखाली हात कसा धरला होतात? परत दाखवा ना. माझ्याकडून तो पुसतानासुद्धा निसटतो. 'मीच घालेन' म्हटलं होतं मी, पण खरं सांगू? मला जमलंच नसतं."

झुंबरबाई मोरी झाडत होती. तिनं झाडू थांबवला नाही.

"परवा अकरा वाजता तू पाटावर बसायचं," ती म्हणाली. "रोज नाही घालायचं, नूतन म्हने. परवा. मी बाजूला बसन, हात तुहा. चुकली तर बोलीन."

"बोला."

"लय बोलीन."

"माहीत आहे," दिपमाला म्हणाली. "गल्लीलाही माहीत आहे. पाय किती लांब करायचे, ते आत्ताच सांगा."

झुंबरबाईनं झाडू भिंतीला लावला, हात धुतले आणि सुनेसमोर जमिनीवर पाय पसरून बसली.